मक्यातलं बुरशीविष: अफलाटॉक्सिन कुठून येतं आणि कुणाच्या ताटात जातं

१९७४ सालाच्या अखेरीस गुजरातमधला पंचमहाल आणि त्याला लागून असलेला राजस्थानातला बांसवाडा या दोन जिल्ह्यांत कावीळ पसरली. दीडशेहून जास्त गावांत माणसं आजारी पडली. आधी भूक जायची, मग डोळे पिवळे व्हायचे आणि थोड्याच दिवसांत पोटात पाणी भरून पोट फुगायचं. ३९७ रुग्णांची नोंद झाली, त्यातले १०६ दगावले. पाण्यातून पसरणारी नेहमीची कावीळ म्हणावी, तर एक गोष्ट जुळत नव्हती. गावातली कुत्रीही तसल्याच लक्षणांनी आजारी पडत होती. शिवाय आजार मुख्यतः आदिवासी घरांतच होता, जिथे दोन्ही वेळचं जेवण म्हणजे मक्याचा रोटला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले के. ए. व्ही. आर. कृष्णमाचारी, रमेश भट आणि त्यांचे सहकारी या साथीच्या तपासाला गेले. त्यांनी घराघरातला मका तपासला. त्यात अफलाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष सापडलं, एका किलोत ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम. भारतात माणसाच्या खाण्यातल्या धान्यासाठी आज जी मर्यादा आहे, तिच्या चारशे ते हजार पट. म्हणजे माणसं जवळपास महिनाभर रोज २ ते ६ मिलिग्रॅम विष पोटात घालत होती. १९७५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा तपास छापून आला. माणसांमधल्या अफलाटॉक्सिन विषबाधेच्या जगातल्या सर्वात मोठ्या नोंदींपैकी ती एक आहे, आणि ती वडोदऱ्याहून काही तासांच्या अंतरावरची आहे.

झालं होतं ते साधंच. आधी दुष्काळ, मग पीक पदरात पडायच्या वेळी अवकाळी पाऊस. कणसं भिजली, धान्य साठवायला धड जागा नव्हती, मका बुरसला. बुरसलेला मका खाऊ नये हे त्या घरांना कळत नव्हतं असं नाही. दुसरं धान्य घरात असतं तर तो कुणी खाल्ला नसता. पुढच्या वर्षी त्याच भागातल्या मक्यात विषाचं प्रमाण अगदी कमी भरलं, आणि साथही आली नाही.

बुरशी वेगळी, विष वेगळं

मक्याला बेळगावकडच्या कन्नडमध्ये गोविनजोळ म्हणतात, दक्षिण कर्नाटकात मेक्केजोळ, तेलंगणात मोक्कजोन्ना, गुजरातेत मकाई आणि माळव्यात मक्का. नाव काहीही असलं तरी त्यावरची ही बुरशी एकच: अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. तिच्या नावातला 'अ', 'फ्ला' आणि पुढे विष या अर्थाचा 'टॉक्सिन' जोडून अफलाटॉक्सिन हा शब्द तयार झाला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखावर पिल्लं अचानक मेली. कारण कळेना म्हणून त्या रोगाला 'टर्की एक्स' असं नाव पडलं. शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत गेला आणि त्या पेंडीत हे विष सापडलं. म्हणूनच आपल्याकडे अजूनही अफलाटॉक्सिन म्हटलं की आधी भुईमूग आठवतो. मका त्याच्या बरोबरीनेच यादीत आहे.

या विषाचे मुख्य प्रकार चार: बी-१, बी-२, जी-१ आणि जी-२. अतिनील दिव्याखाली काही निळे चमकतात, काही हिरवे. इंग्रजीतल्या निळ्या आणि हिरव्या रंगांची आद्याक्षरं म्हणजे हे बी आणि जी. सर्वात घातक बी-१. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफलाटॉक्सिनना पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत घातलं आहे. मार यकृतावर बसतो. ज्याला आधीच हिपॅटायटिस-बीची लागण आहे, त्याच्यासाठी यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

गफलत नेमकी कुठे होते, ते पाहण्यासारखं आहे. दाण्यावर जे हिरवट दिसतं ती बुरशी. विष म्हणजे तिने दाण्यात सोडलेलं रसायन. ऊन दिलं, झाडलं, पुसलं की बुरशी मरते किंवा झडून जाते, पण रसायन दाण्यातच राहतं. अफलाटॉक्सिन मोडायला दोनशे अंशांहून बरंच जास्त तापमान लागतं. भाकरी तव्यावर कितीही खरपूस भाजली तरी तिच्या आतला भाग शंभर अंशांच्या आसपासच राहतो. कण्या शिजवल्या, पीठ भाजून घेतलं, दूध उकळलं, तरी यातल्या कशानेही विष भरवशाने जात नाही. "धुऊन, वाळवून घेतला की चालतो" हे वाक्य गावोगावी ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे.

उलटंही खरं आहे. बुरशी दिसली म्हणजे विष असेलच असं नाही, आणि दाणा स्वच्छ दिसला म्हणून तो सुरक्षित असेलच असंही नाही. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस पिवळसर हिरवी, पावडरीसारखी असते. काळी भुकटी दिसते ती बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची. पांढरी-गुलाबी बुरशी किंवा दाण्यावर पांढऱ्या रेषांची चांदणी दिसली, तर ती फ्युजेरियम. ही ओळख उपयोगी आहे, पण ती शंका घेण्यापुरती. खात्री प्रयोगशाळेतच होते.

दख्खनमधली दुसरी साथ

फ्युजेरियमचं विष म्हणजे फ्युमोनिसिन. ते दक्षिण आफ्रिकेत १९८८ मध्ये ओळखलं गेलं. घोड्यांच्या मेंदूला आणि डुकरांच्या फुप्फुसांना ते फार वाईट. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पोटदुखी, पोटात गुडगुड आणि जुलाब अशी साथ आली होती. तिचा तपासही हैदराबादच्या याच संस्थेने केला. कारण सापडलं ते पावसात भिजलेली ज्वारी आणि मका. दोन्हींत फ्युमोनिसिन होतं. ज्या घरांत तो माल खाल्ला गेला तिथेच त्रास झाला आणि खाणं थांबवल्यावर माणसं बरी झाली. पंचमहालसारखे मृत्यू इथे झाले नाहीत म्हणून कदाचित ही साथ कुणाच्या लक्षात राहिली नाही. पण बेळगाव, सोलापूर, कलबुर्गी, हैदराबाद या पट्ट्यातल्या माणसाला पंचमहालपेक्षा ती जवळची आहे. ज्वारी काळी पडली की इथलं प्रत्येक घर हळहळतं, ते बहुतेक वेळा भाव पडणार म्हणून.

शेतातच सुरुवात होते

बुरशी फक्त गोदामात लागते हा दुसरा मोठा गैरसमज. अ‍ॅस्परजिलस मातीतच असते, काडीकचऱ्यावर जगते. कणसाला केस फुटतात तेव्हा वाऱ्याने उडालेले तिचे बीजाणू त्या केसांवर बसतात आणि आत उतरतात. दाणा भरायच्या काळात पाण्याचा ताण पडला आणि उष्णता वाढली, की झाडाची प्रतिकारशक्ती कमी होते आणि बुरशीला आयतंच फावतं. म्हणजे दुष्काळी वर्षही वाईट आणि शेवटी पाऊस झोडपणारं वर्षही वाईट. दोन्ही एकाच हंगामात आली तर १९७४ होतं.

तिसरं दार अळी उघडते. कणीस पोखरलं की दाण्याचं साल फुटतं आणि बुरशीला वाट मिळते. खोडकिडा पूर्वीपासून होताच. २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळ अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोचली. अळीचं नुकसान बहुतेक वेळा क्विंटलमध्ये मोजलं जातं. पोखरलेल्या कणसातल्या उरलेल्या दाण्यांचं काय, हे फारसं कुणी विचारत नाही.

सगळ्यात धोक्याचे मात्र काढणीनंतरचे पंधरा दिवस. खरिपाचा मका तयार होतो तेव्हा दाण्यात २० ते २५ टक्के ओलावा असतो, कधी त्याहूनही जास्त. साठवायला तो १४ टक्क्यांच्या आत हवा आणि पावसाळ्यापर्यंत ठेवायचा तर १२ टक्के बरा. या दोन आकड्यांच्या मधे परतीचा पाऊस उभा असतो. २५ ते ३५ अंश तापमान आणि ओला दाणा म्हणजे बुरशीसाठी पंचपक्वान्न. रब्बीचा मका उन्हाळ्याच्या तोंडावर निघतो, कडक ऊन मिळतं, त्यामुळे काढणीनंतरचा हा धोका तिथे बराच कमी असतो.

इंदूरच्या सराफ्यातला भुट्ट्याचा कीस खाणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. तो कोवळ्या, दुधाळ कणसाचा असतो आणि कणीस ताजंच वापरलं जातं. हा सगळा विषय वाळलेल्या, साठवलेल्या दाण्याचा आहे.

पीपीबी म्हणजे किती

भारतात माणसाच्या खाण्यातल्या धान्यासाठी अफलाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजेच १५ पीपीबी. एका क्विंटलमध्ये दीड मिलिग्रॅम, मीठाच्या चार-दोन कणांइतकं. अमेरिकेत ही मर्यादा २० आहे. युरोपीय संघात थेट खाण्याच्या धान्यासाठी ४. पशुखाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोच्या मानकात बी-१ची मर्यादा २० पीपीबी आहे.

आकडे स्पष्ट आहेत, मोजणी मात्र सोपी नाही. विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं. शंभरात नव्याण्णव दाणे निर्मळ आणि एखादा विषाने भरलेला, असं होतं. एकाच दाण्यात चार लाख पीपीबीपर्यंत प्रमाण नोंदवलं गेलं आहे. दाण्याचं वजन ०.३ ग्रॅम धरलं तर त्या एका दाण्यातलं विष १२० मायक्रोग्रॅम होतं, म्हणजे आठ किलो स्वच्छ मक्याला मर्यादेपर्यंत आणायला पुरेसं. म्हणून पोत्याच्या तोंडातून मूठभर दाणे काढून तपासले तर निकाल काहीही येऊ शकतो. नमुना अनेक पोत्यांतून, वरून-मधून-खालून, काही किलोंचा घ्यावा लागतो आणि तो पूर्ण दळून मिसळून मगच तपासावा लागतो. पट्टीवर काही मिनिटांत निकाल देणारे संच आता मिळतात. मोठे खाद्य कारखाने माल उतरवून घेण्याआधी तेच वापरतात. नमुना चुकीचा असेल तर पट्टी तरी काय करणार.

बाजार समितीत मात्र विष मोजत नाहीत, ओलावा मोजतात. तिथे शेतकऱ्याचं गणित वेगळं चालतं. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो मका १४ टक्क्यांवर आणला की ९३ किलो भरतो. सात किलो उन्हात गेले, वर मजुरी, ताडपत्री आणि पावसाची धास्ती. व्यापारी ओल्या मालाला कापतो, पण वाळवलेल्याला त्या सात किलोंची भरपाई होईल इतकं जास्त देतोच असं नाही. मग ओलाच माल गाडीत भरला जातो आणि गोदामात ढिगाच्या पोटात गरम होत राहतो. याला शेतकऱ्याचं अज्ञान म्हणणं अन्यायाचं आहे. वाळवायचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो आणि त्याचा फायदा ज्याला होतो, ती दोन वेगळी माणसं आहेत.

नाकारलेला मका जातो कुठे

कारखान्याने गाडी परत पाठवली म्हणून तो मका नाहीसा होत नाही. तो भाव पाडून दुसरीकडे विकला जातो, चांगल्या मालात मिसळला जातो, नाहीतर घरी येतो. घरी आला की त्याचा भरडा होतो आणि तो गाईम्हशींच्या पुढ्यात जातो. "माणसाला नको, जनावराला चालेल" हा हिशेब इथे चुकतो, कारण जनावराकडून तो माणसाकडेच परत येतो.

गाईच्या पोटात गेलेल्या बी-१चं यकृतात एम-१ होतं आणि ते दुधात उतरतं, खाल्ल्यापासून एका दिवसाच्या आत. प्रमाण साधारण एक-दोन टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गाईत सहा टक्क्यांपर्यंत. समजा, मक्यात २०० पीपीबी विष आहे आणि गाय त्याचा दोन किलो भरडा खाते. पोटात ४०० मायक्रोग्रॅम गेले. दोन टक्के धरले तर दुधात ८ मायक्रोग्रॅम. गाय दहा लिटर दूध देत असेल तर लिटरमागे ०.८. दुधासाठी भारतातली मर्यादा किलोमागे ०.५ आहे. म्हणजे गाय ठणठणीत दिसत असते आणि दूध मर्यादेबाहेर गेलेलं असतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर केलेल्या दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं. दुधातल्या भेसळीवर आपल्याकडे आरडाओरड खूप होते. पण हे विष दुधात कुणी घालत नाही. ते पेंड आणि भरड्यातून येतं, त्यामुळे धाड घालून ते पकडताही येत नाही.

दिलासा एवढाच की सदोष खाद्य थांबवलं की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं.

कोंबड्यांच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मकाच असतो. बदकं या विषाला फारच नाजूक. ब्रॉयलर कोंबडीत वजन न वाढणं, खाद्य जास्त लागणं, लसीचा परिणाम नीट न होणं अशी लक्षणं दिसतात आणि दोष भलत्याच रोगाला दिला जातो. खाद्यात विशिष्ट चिकणमाती मिसळून विष आतड्यातच धरून ठेवायचे उपाय आहेत. पोल्ट्रीवाले त्यांना 'टॉक्सिन बाइंडर' म्हणतात. अफलाटॉक्सिनवर ते बऱ्यापैकी चालतात, फ्युमोनिसिनवर तितके नाहीत. गोव्यात मका फारसा पिकत नाही, कोंबड्या-गुरांच्या खाद्यासाठी तो घाटावरून उतरतो. तिथल्या दमट हवेत पावसाळ्यात साठवलेली पोती वाळलेली आली असली तरी पुन्हा ओलावा धरतात. त्यामुळे तिथे जपायचं ते गोदाम.

यात अलीकडे एक नवी वाट आली आहे. मक्यापासून इथेनॉल बनवणं गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढलं. दाण्यातलं पिष्ट आंबवून त्याचं मद्यार्क होतं. विष त्यात जात नाही, ते मागे राहिलेल्या चोथ्यात राहतं. चोथा मूळ दाण्याच्या साधारण एक तृतीयांश उरतो, म्हणून त्यातलं विषाचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. हाच वाळवलेला चोथा पशुखाद्य आणि पोल्ट्री खाद्य म्हणून विकला जातो. बुरसलेला मका "इथेनॉलला चालतो" असं म्हणताना पुढची ही पायरी सांगितली जात नाही.

वाळवणं, निवडणं, साठवणं

उपाय जुनेच आहेत. कणसं जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर किंवा फरशीवर पसरायची, थर पातळ ठेवायचा, दिवसातून चार-पाच वेळा हलवायचं. रात्री ढीग करून ओल्या दाण्यावर प्लास्टिक ओढलं की आतल्या आत घाम सुटतो आणि सकाळी ढीग गरम लागतो. दव-पावसापासून झाकणं गरजेचंच आहे, पण सकाळी ऊन येताच उघडायचं. मळणी दाणा पुरेसा वाळल्यावरच करावी. ओल्या दाण्याची मळणी केली की दाणे फुटतात, आणि बुरशी फुटक्या दाण्यापासून सुरू होते.

ओलावा मोजायचं मीटर नसेल तर मीठाची एक जुनी युक्ती आहे. कोरड्या ठणठणीत काचेच्या बाटलीत एक तृतीयांश दाणे घ्यायचे, त्यात दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाकायचं, झाकण लावून चांगलं हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटून राहिलं तर दाण्यात १५ टक्क्यांहून जास्त ओलावा आहे, म्हणजे अजून ऊन हवं. मीठ सुटं खाली पडलं तर दाणा बऱ्यापैकी वाळला. पावसाळी हवेत मीठच ओलसर असतं, ते आधी तव्यावर परतून घ्यावं.

निवडणं हा घरातल्या बायकांचा पिढ्यानपिढ्यांचा उद्योग, आणि या बाबतीत तो खरोखर प्रभावी आहे. विष मूठभर खराब दाण्यांत एकवटलेलं असल्यामुळे फुटके, किडके, सुरकुतलेले, रंग बदललेले आणि पाखडताना उडणारे हलके दाणे काढून टाकले की ढिगातलं विष बरंच कमी होतं. बाजूला काढलेले दाणे कोंबड्यांपुढे टाकायचे नाहीत. ते पुरायचे किंवा जाळायचे.

पोती भिंतीपासून अर्धा-एक फूट लांब आणि फळ्यांवर ठेवावीत. हवाबंद पिशव्या किंवा पत्र्याच्या कोठ्या उत्तम, पण त्यांत फक्त वाळलेला दाणा भरावा. ओला मका हवाबंद केला तर तो आतच कुजतो.

केनियात २००४ मध्ये पंचमहालसारखंच घडलं. मकुएनी आणि किटुई या जिल्ह्यांत मुख्यतः ३१७ जण आजारी पडले, १२५ गेले. तपासात दिसलं ते असं की दोष घरच्याच मक्याचा होता. ओला मका लोकांनी घरात, राहत्या खोलीत साठवला होता. त्यानंतर तिथे विष न बनवणाऱ्या त्याच जातीच्या बुरशीचे दाणे शेतात टाकून विषारी बुरशीला जागाच द्यायची नाही, ही पद्धत आली. अमेरिकेत ती आधीपासून वापरात होती.

विषबाधा झालेल्या माणसासाठी या विषावर उतारा असलेलं औषध नाही. खाणं थांबवणं आणि यकृत सावरेपर्यंत उपचार करणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. म्हणून एकाच घरात किंवा वस्तीत एकाच वेळी अनेकांना कावीळ, उलट्या, पायांवर सूज किंवा पोट फुगणं दिसलं, आणि त्यातच घरचं कुत्रं किंवा कोंबड्याही आजारी असल्या, तर डॉक्टरांना घरात कुठलं धान्य चालू आहे ते आपणहून सांगावं. त्या पोत्यातला मका फेकून न देता दोन-तीन किलो कागदी किंवा कापडी पिशवीत बांधून बाजूला ठेवावा, प्राथमिक आरोग्य केंद्राला तपासणीसाठी तोच लागेल.